अकरा नंबर कुठंय?

शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक ठरवून दिला आहे. ज्यांनी हा हिशेब मांडला त्यांनी मुलं जागेवर बसलेली धरली असणार. पहिलीची सगळी मुलं एकाच वेळी खाली बसलेली मी आजवर पाहिलेली नाहीत. वर्गाच्या फोटोतसुद्धा नाहीत. दरवर्षीच्या फोटोत पाच-सहा जण हलल्यामुळे बिनतोंडाचे येतात आणि एक जण फोटोतच नसतो, कारण ऐन वेळी तो फोटोग्राफरच्या पाठीमागे जाऊन आपण कसे दिसतोय ते बघत असतो.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. तिसरी-चौथी सरांकडे. सर मुख्याध्यापकही आहेत, त्यामुळे ते शिकवतात कमी आणि ऑनलाइन माहिती जास्त भरतात. पूर्वी आम्हाला बाई आणि गुरुजी म्हणायचे. आता मी म्याडम झाले. मुलांची नावं इथे देत नाही. पालक वाचतात, आणि पुढचे आठ दिवस ‘आमच्याच पोराचं का लिहिलं’ आणि ‘आमच्या पोराचं का नाही लिहिलं’ अशा दोन्ही बाजूंच्या तक्रारी ऐकाव्या लागतात. तेव्हा हजेरीतल्या नंबरांवर भागवू. एक ते दहा नंबर तसे बरे आहेत. बारापासून पुढचेही चालवून घेण्यासारखे आहेत.

चुळबुळ थांबवायचं आपल्याकडचं सर्वांत जुनं साधन म्हणजे ‘हाताची घडी, तोंडावर बोट’. माझ्या आईच्या शाळेत ते होतं, माझ्या शाळेत होतं. मधे अभ्यासक्रम बदलले, पुस्तकं बदलली, पाट्या गेल्या, टीव्ही संच आले. घडी आणि बोट तिथेच आहेत. आता हे जरा करून बघा. दोन्ही हातांची नीट घडी घाला आणि मग तोंडावर बोट ठेवा. बोट आणणार कुठून? घडी मोडल्याशिवाय ते सुटत नाही. मोठ्या माणसांना ही अडचण दिसत नाही. सहा वर्षांच्या माणसाला ती लगेच दिसते आणि तो आपापला तोडगा काढतो. तीन नंबर डाव्या हाताने उजवं कोपर धरते आणि ओठांवर बोट असं टेकवते की दिवाळी अंकात छापलेला एखाद्या कवयित्रीचा फोटो वाटावा. सात नंबर घडी पक्की घालतो आणि मान वाकवून तोंडच बोटापर्यंत नेतो. नऊ नंबर शेजारच्याच्या तोंडावर बोट ठेवतो. कुणाचं तोंड ते सूचनेत सांगितलेलं नसतं. अकरा नंबर घडी घालतो, बोट ठेवतो आणि बोट ठेवलेल्या तोंडाने बोलत राहतो. बोटामुळे आवाज जरा फुसफुसतो, मजकुरात फरक पडत नाही.

दुसरं साधन मॉनिटर. मी वर्गाबाहेर गेले की मॉनिटरने बडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची. आमची मॉनिटर दुसरीतली, अत्यंत कडक मुलगी. तिला काना-मात्रा-वेलांटी येते, जोडाक्षरं अजून आलेली नाहीत. त्यामुळे सागर, विशाल, काजल असली सरळ नावं असणाऱ्यांचं जगणं अवघड झालंय. ती एकदा शिंकली तरी फळ्यावर येतात. पण हल्ली गावातसुद्धा नावं पडतात ती श्लोक, प्रज्ज्वल, स्वरांजली, कार्तिकेय अशी. दूरदृष्टी असणाऱ्या पालकांनी बारशालाच पोरांची सोय करून ठेवलेली आहे. अकरा नंबराच्या नावात एक जोडाक्षर आणि एक रफार आहे. त्याचं नाव फळ्यावर कधीच आलेलं नाही. कागदोपत्री तो वर्गातला सर्वांत शांत मुलगा आहे.

छडी गेली. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. ज्यांना आपल्या गुरुजींच्या छडीच्या आठवणी सांगताना गहिवरून येतं त्यांनी तो हात सहा वर्षांचा होता हेही आठवावं. पण हा कायदा गावात पोचवायचं काम माझ्याकडे आलं. पालक सभेला अकरा नंबराचे वडील आले होते.

“हाणा की म्याडम चांगल्या दोन. आमची काय तक्रार नाय.”

“मारता येत नाही. कायदा आहे.”

“आन घरात?”

“घरातही मारू नका.”

“मग त्यो ऐकायचा कसा?”

“समजावून सांगायचं.”

त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. त्यांचा मुलगा त्या वेळी पाण्याच्या टाकीच्या शिडीवर होता. “समजावून हुईपतूर त्यो थांबंल का?” त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

डी.एड.च्या बालमानसशास्त्राच्या पेपरात मला याहून अवघड प्रश्न आला नव्हता.

डी.एड.ला असताना आम्ही गिजुभाई बधेकांचं ‘दिवास्वप्न’ वाचलं होतं. मूळ गुजराती पुस्तक. त्यातला नवे प्रयोग करायला निघालेला शिक्षक पहिल्याच दिवशी वर्गात शांतीचा खेळ घेतो आणि मुलं त्याचा पार बोजवारा उडवतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला लागतो तेव्हा कुठे वर्ग हाताला लागतो. शिक्षणावरच्या पुस्तकात सहसा सगळे प्रयोग यशस्वी होतात. या लेखकाने वर्ग खरोखर पाहिला होता. तरीही प्रत्येक नव्या शिक्षकाला वाटतं की आपल्याला ते जमेल. मी म्हटलं, “डोळे मिटा. टाचणी पडली तरी आवाज आला पाहिजे इतकं शांत व्हा.” वर्ग खरंच शांत झाला. आणि त्या शांततेत आवाज आला, “पाडा की मग टाचणी.” मुलांचं बरोबर होतं. आवाज येईल असं सांगून टाचणीच पाडायची नाही म्हणजे फसवणूक. मी हजेरीपत्रकाची टाचणी काढून पाडली. मागच्यांना ऐकू आली नाही. पुन्हा पाडली. मग सगळ्यांनी फरशीला कान लावले आणि तिसऱ्या खेपेला टाचणी कुठे गेली ते समजलं नाही. अर्धा वर्ग अनवाणी. तो तास बस्करपट्ट्या झाडण्यात गेला. अकरा नंबराला ती सापडली आणि त्याने जाहीर केलं की हा खेळ उद्या पण घ्यायचा.

पावसाची टाळी त्या मानाने बरी. एका बोटाने तळहातावर टाळी, मग दोन बोटांनी, मग तीन, चार, पाच; पत्र्यावर पाऊस कोसळतोय असा आवाज होतो. मग तसंच उलटं येत एका बोटावर थांबायचं आणि पाऊस गेला म्हणून गप्प व्हायचं. हे खरंच चालतं. पाऊस गेल्यावर जो क्षण मिळतो त्यात फळ्यावर साधारण दीड शब्द लिहून होतो. तेवढ्यात कुणीतरी विचारतं, “म्याडम, आता वीज पाडू?”

यात लघवीला जाणं हा स्वतंत्र विषय आहे. एकाने “एकीला जाऊ?” म्हणून करंगळी वर केली की वर्गातल्या सगळ्या करंगळ्या वर होतात. कुणालाच नाही म्हणता येत नाही, कारण त्यातली एक करंगळी खरी असते आणि ती कुठली ते ओळखायचं कसब कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलेलं नाही. तीच गोष्ट तक्रारींची. “ह्यो माझ्याकडं बघतोय,” ही रोजची. “त्यानं माझं पेन्सिलीचं टोक जेवलं,” ही अधूनमधून. “त्यानं मला मनात शिवी दिली,” असं बारा नंबराने सांगितलं तेव्हा मी आरोपीला विचारलं, तर त्याने लगेच कबूल केलं आणि शिवीही सांगितली.

शासनाने आमच्यासाठी काही केलं नाही असं म्हणवत नाही. २०२४ साली आदेश निघाला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत. मुलांची झोप पुरी होत नाही. शहरात होत नसेल. अकरा नंबर पहाटे पाचला म्हशीबरोबर उठतो, डेअरीला दूध घालून येतो आणि मी यायच्या आधी शाळेच्या फाटकावर झोके घेत असतो. झोप माझी पुरी होत नाही. मधे पाठ्यपुस्तकांतच कोरी पानं घातली होती, वेगळी वही न्यायला नको आणि दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून. ओझं खरंच कमी झालं. त्या पानांची विमानं झाली आणि सगळी उडून गेली. पुढे तो निर्णय मागे घेतला गेला. २०२४ मध्येच ‘आनंददायी शनिवार’ आला. शनिवारी मुलांनी आनंदात असावं हे चांगलंच आहे. सोमवार ते शुक्रवार काय करावं याबद्दल आम्ही खुलाशाची वाट बघतोय.

पण शासनाचं सगळ्यात मोठं देणं म्हणजे खिचडी. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य धरलेलं आहे. त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत असा हिशेब आहे. योजनांच्या गर्दीत ही एक योजना अशी की जिच्याबद्दल मी वाकडा शब्द ऐकून घेणार नाही. दुपारी ताट पुसून खाणारी मुलं मी रोज बघते. माझा प्रश्न एवढाच आहे की हे ४५० उष्मांक घेतल्यावर पुढच्याच तासाला त्या मुलाने हाताची घडी घालून बसावं अशी अपेक्षा कुणी केली? एका हाताने सरकारने भरायचं आणि दुसऱ्या हाताने म्याडमने दाबून ठेवायचं. उष्मांकांनी जायचं कुठे? मोठ्या माणसाला जेवल्यावर झोप येते, म्हणून वेळापत्रक करणाऱ्याला वाटलं की मुलालाही येत असेल. खिचडीनंतरच्या तासाला माझ्या वेळापत्रकात परिसर अभ्यास आहे. मुलं तो ताबडतोब सुरू करतात, परिसरात जाऊन.

हे कळलेली माणसं आपल्याकडे होऊन गेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला नेलं. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला कुरणात जायची, शाळेत यायची नाहीत. या बायकांनी मुलांना ओढून आणायच्या भानगडीत न पडता शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. गुरं चरतायत, पोरं हिंडतायत आणि त्यातच शिक्षण चाललंय. आम्ही प्रशिक्षणात या दोघींवर टिपा लिहून गुण मिळवतो आणि परत येऊन हिंडणाऱ्या पोरांना चार भिंतींत बसवतो, आणि मग ती हिंडतात का यावर कृती आराखडा तयार करतो.

मी मात्र शक्य तेव्हा वर्ग घेऊन बाहेर पडते. भागाकार मैदानावर चांगला होतो. सगळ्यांनी पळायचं, मी ‘चार’ म्हटलं की चारचारांचे घोळके करायचे आणि जो उरेल ती बाकी. बाकीने मैदानाला एक फेरी मारून यायची. अकरा नंबर दर वेळी उरतो. सुरुवातीला मला वाईट वाटायचं की त्याला कुणी घेत नाही. मग लक्षात आलं की तो मुद्दाम उरतो, कारण फेरी बाकीलाच मिळते. “म्याडम, मी बाकी!” असं ओरडत तो गेला की त्याचा भागाकार पक्का झाला असं मी धरते. एकदा हे चालू असताना तपासणीला साहेब आले. रिकाम्या वर्गात उभे राहिले, मैदानातला आरडाओरडा ऐकला, आणि शेरेबुकात ‘वर्गात शिस्त आवश्यक’ असं लिहून गेले. खरं तर त्या क्षणी वर्गात पूर्ण शांतता होती.

शेवटी उपयोगाला आली ती पुस्तकात नसलेली विद्या. जुन्या गुरुजी लोकांत ती तोंडोतोंडी चालत आलेली आहे: जो बसत नाही त्याला काम सांगा. आमच्याकडे घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा, कडुनिंबाला तारेने टांगलेला, आणि वाजवायला ट्रॅक्टरचा बोल्ट. ते खातं मी अकरा नंबराला दिलं. दर तासाला उठायला अधिकृत कारण मिळाल्यावर तो मधल्या वेळात बसायला लागला, कारण घड्याळाकडे बघायचं असतं. मधली सुट्टी रोज दोन-चार मिनिटं लवकर होते. मी तिकडे बघत नाही. मलाही चहा प्यायचा असतो.

घंटा पुरेना तेव्हा चिठ्ठी सुरू केली. ही चिठ्ठी महाराष्ट्रातल्या सगळ्या प्राथमिक शिक्षकांना ठाऊक आहे, पण कुणी उघड बोलत नाही. मुलगा फारच उसळायला लागला की एक कागद लिहायचा, चार घड्या घालायच्या आणि म्हणायचं, “सरांना नेऊन दे. महत्त्वाचं आहे. मधे उघडू नकोस.” सर चिठ्ठी वाचून गंभीर चेहरा करतात, “बरं, टाकीत पाणी किती आहे बघून ये,” म्हणतात. मग “झाडं मोजून ये.” मग “आता म्याडमना सांग, मिळालं.” तो परत येतो तेव्हा घामाघूम असतो आणि छाती फुगलेली असते. चिठ्ठीत मजकूर एकच: ‘दमवून परत पाठवा.’

संक्रांतीच्या सुमाराला अकरा नंबर चिठ्ठी घेऊन गेला आणि सरांकडे न पोचता लगेच माघारी आला. घड्या मोडलेल्या होत्या. तो दारात उभा राहून एकेका अक्षरावर बोट ठेवत होता. “द... म... वू... न. म्याडम, दमवून म्हंजी कुणाला?”

निपुण भारत अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं असं ठरवलंय. अक्षरकार्डं, शब्दपट्ट्या, चित्रवाचन, सगळं मी त्याच्यावर जूनपासून करत होते आणि तो खिडकीबाहेर बघत होता. आपल्या पाठीमागे आपल्याबद्दल काय लिहिलं जातंय हे कळून घ्यायची गरज पडली तेव्हा तो पहिलीतच वाचायला लागला, आणि वाचलेल्याचा अर्थ तर त्याला माझ्यापेक्षा चांगला लागला. पुढच्याच आठवड्यात सर हसत माझ्या वर्गात आले. हातात चिठ्ठी होती, चार घड्यांची, माझ्या अक्षरात नसलेली. ‘म्याडम दमल्यात. सुटी दया.’ जोडाक्षरांची अजून तयारी व्हायची आहे. सरांनी घड्याळ बघितलं, आणि त्या दिवशी पसायदान जरा लवकर झालं.

आता येत्या जूनला ज्यांची मुलं पहिलीत येणार आहेत त्यांना एक विनंती. अक्षरं शिकवून पाठवली नाहीत तरी चालेल, अंक नको, इंग्रजी कविता तर मुळीच नको. आल्या आल्या मोबाइल समोर धरून “म्याडमना एबीसीडी म्हणून दाखव” असंही करू नका. मुलाला शांत बसायची सवय लावायची गरज नाही. ती लागत नाही आणि लागली तर मला काळजी वाटते. फक्त चड्डी इलॅस्टिकची द्या. नाडीची देऊ नका. ती करंगळी खरी निघते तेव्हा नाडीची निरगाठ बसलेली असते, मुलगा जागच्या जागी नाचत असतो, आणि मला चौथीच्या कंपासपेटीतून करकटक मागवावं लागतं. ते आणायला जो पळतो तो वाटेत घंटा वाजवून येतो.